लग्नसराईआधी लेन्स घेताय? ‘किती झूम’ विचारण्याआधी हे बघा

सातारा : तुळशीची लग्नं लागली की तारखा निघायला लागतात आणि तालुक्याच्या गावांतल्या फोटो स्टुडिओंत एकच प्रश्न फिरतो, “एकच लेन्स घ्यायचीय, सगळ्याला चालंल अशी कुठली?” विचारणारा बहुतेक वेळा धंद्यात नवा असतो. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची छोटी लेन्स त्याला अपुरी पडायला लागलेली असते. पैसे हप्त्यावर उभे करायचे असतात. लेन्स चुकीची निघाली तर हप्ते चालूच राहतात आणि अक्षता पडतानाचा हुकलेला फोटो काही परत मिळत नाही. नवरा-नवरीला पुन्हा बोहल्यावर कोण उभं करणार?

मोबाईलच्या सवयीमुळं पहिला प्रश्न हमखास येतो तो ‘किती एक्स झूम?’ कॅमेऱ्याच्या लेन्सला हा प्रश्न फारसा लागू पडत नाही. ‘एक्स’ म्हणजे मोठ्या आकड्याला लहान आकड्यानं भागल्यावर येतं ते. १८-१३५ ची लेन्स साडेसात एक्स होते, ७०-३०० ची जेमतेम सव्वाचार. तरीही लांबचं जवळ आणायला ७०-३०० कितीतरी पुढं जाते. फक्त तिच्यात घरातला ग्रुप फोटो मावत नाही. म्हणून एक्स सोडा, लेन्सवरचे दोन्ही मिलिमीटरचे आकडे वेगवेगळे वाचा. लहान आकडा सांगतो जवळून किती रुंद मावेल, मोठा आकडा सांगतो लांबचं किती जवळ येईल.

गावाकडच्या कामात लहान आकड्याची किंमत जास्त आहे, हे दुकानात कोणी सांगत नाही. हळद, देवक, नवरीची तयारी हे सगळं दहा बाय बाराच्या खोलीत चालतं. साध्या, म्हणजे लहान सेन्सरच्या ‘क्रॉप’ कॅमेऱ्यावर १८ मिलिमीटरला दहा फुटांवरून साधारण बारा फूट रुंदी मावते. २४ ला तेवढ्याच अंतरावरून नऊ-साडेनऊ फूटच मावते. त्या तीन फुटांत दोन माणसं कापली जातात, आणि ती नेमकी मुलीची आत्या किंवा मामा निघतात.

इथंच एक महागडी गफलत होते. मोठ्या शहरातले फोटोग्राफर २४-१०५ वापरतात म्हणून गावातलाही तीच घेतो. ही लेन्स चांगलीच आहे, पण ती बनलीय फुल फ्रेम कॅमेऱ्यासाठी. क्रॉप कॅमेऱ्यावर तिचा २४ हा फुल फ्रेमच्या ३६ ते ३८ सारखा दिसतो. फोटोग्राफरची पाठ भिंतीला टेकते तरी माणसं मावत नाहीत. पुढं कधीतरी फुल फ्रेम घेऊ म्हणून आजच ही लेन्स घेणं म्हणजे विहीर खोदायच्या आधी मोटर आणून ठेवण्यासारखं आहे.

हॉलमधला अंधार

मिलिमीटरनंतर लेन्सवर दुसरा आकडा असतो, ३.५-५.६ किंवा नुसता २.८. लेन्सचं तोंड जास्तीत जास्त किती उघडतं ते हा आकडा सांगतो. आकडा जेवढा लहान, तेवढा उजेड जास्त. ‘३.५-५.६’ लिहिलं असेल तर रुंद टोकाला ३.५ मिळतं, पण झूम करत गेलं की तोंड बारीक होत जातं. बऱ्याच लेन्समध्ये मधल्या टप्प्यातच ५.६ येतं, शेवटच्या टोकापर्यंत वाट बघावी लागत नाही.

२.८ आणि ५.६ यांच्यात उजेडाचा चौपट फरक आहे. संध्याकाळच्या मंगल कार्यालयात २.८ वर १/१०० सेकंदाला जो फोटो निघतो, तोच ५.६ वर काढायचा तर शटर १/२५ वर आणावा लागतो. म्हणजे हार घालणारे हात पुसट येणार. नाहीतर आयएसओ ८०० वरून ३२०० करावा लागतो, म्हणजे फोटोत दाणे येणार. “पण लेन्सला स्टॅबिलायझर आहे की,” असं दुकानदार म्हणतो. स्टॅबिलायझर फोटोग्राफरच्या हाताची थरथर सावरतो, नवरीच्या हाताची हालचाल थांबवणं त्याच्या हातात नाही. देवळाचा गाभारा, शांत बसलेली आजी यांना त्याचा उपयोग होतो. वरातीत नाचणाऱ्यांना नाही.

फ्लॅश असेल तर हिशेब बदलतो. स्टेजवर छत्री लावून दोन फ्लॅश उभे केले की ५.६ ला काही अडत नाही. पांढऱ्या स्लॅबवर फ्लॅश मारून उजेड परतवता येतो. कापडी मांडवात किंवा उघड्या अंगणात मात्र तो परतत नाही, वर निघून जातो. व्हिडिओ करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून ३.५-५.६ च्या लेन्सनं चालू शूटिंगमध्ये झूम केलं की चित्र हळूहळू काळवंडतं.

भंडारा, धूळ आणि दमट हवा

मग दोन-तीन वेगळ्या लेन्स घेतल्या तर? स्टुडिओत ठीक आहे. पालच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळला जात असताना लेन्स बदलायला कॅमेरा उघडणं म्हणजे सेन्सरवर हळद लावून घेणं आहे. पुसेगावच्या यात्रेतली बैलांची शर्यत असो की माण-खटावचा फुफाटा, तिथं एकच लांब पल्ल्याची झूम लेन्स खरोखर कामाची ठरते. सुटताना बैलजोडी १३५ वर धरता येते आणि समोरून गेल्यावर गर्दी १८ वर. दोन लेन्सवाला तोपर्यंत झाकणंच शोधत असतो.

अर्थात झूम करताना ज्या लेन्सची नळी बाहेर येते ती हवा आत ओढते, हवेबरोबर धूळही. यात्रेहून आल्यावर नळी पूर्ण बाहेर काढून मऊ ब्रशनं झटकावी आणि मगच आत ढकलावी. पाटण, महाबळेश्वरकडं त्रास वेगळा आहे. पावसाळ्यात बॅगेत बंद पडून राहिलेल्या लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढ्या खर्चात ती टाळता येते.

मग घ्यायची कुठली?

आधी स्वतःचेच जुने फोटो बघावेत. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो किती मिलिमीटरवर काढला ते लिहिलेलं असतं. संगणकावर फोटोच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये दिसतं, बऱ्याच मोबाईल गॅलरीतही दिसतं. मागच्या दोन-तीन लग्नांतले निम्मे फोटो ५५ वर अडकलेले असतील तर लांब पल्ला खरंच कमी पडतोय. बहुतेक १८ ते ३५ मध्येच असतील तर पल्ला नाही, उजेड कमी पडतोय.

पहिल्या प्रकारच्या माणसाला कॅननची १८-१३५ किंवा निकॉनची १८-१४० बस्स आहे. कॅननमध्ये ‘एसटीएम’ किंवा ‘यूएसएम’ लिहिलेली बघावी. तिचा फोकस शांत चालतो, व्हिडिओत घरघर ऐकू येत नाही. कॅननच्या नव्या मिररलेसला १८-१५० आहे, सोनीलाही १८-१३५ मिळते. सोबत ५० ची १.८ वाली छोटी लेन्स पिशवीत टाकली की अंधाराचीही बरीच सोय होते. कंपन्यांच्या सगळ्यात स्वस्त लेन्समध्ये तिची गणना होते. पोटासाठी लग्नं आणि हौसेसाठी यात्रा-शर्यती करणाऱ्याला ही जोडी पुरते.

ज्याची कमाई मुख्यतः संध्याकाळच्या हॉलमधली आहे त्यानं पल्ल्याचा मोह सोडून टॅमरॉन किंवा सिग्माची १७-५० एफ २.८ घ्यावी. तिचं २.८ पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढंच राहतं. १८-२०० आणि टॅमरॉनची १८-४०० दिसायला भारी आहेत आणि कासच्या पठारावर भटकणाऱ्या हौशी माणसाला आवडतीलही. पण एवढा पल्ला एका नळीत बसवायचा म्हणजे कुठंतरी तडजोड येतेच. लांबच्या टोकाला फोटो जरा मऊ येतो आणि १८-४०० चं तोंड तिथं ६.३ पर्यंत बारीक होतं. लग्नाच्या धंद्याला ती घेऊ नये.

बॉडीला जुळतंय का, हे बिल फाडायच्या आधी बघायचं. निकॉनच्या डी३५००, डी५६०० सारख्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. त्यावर जुन्या ‘एएफ-डी’ लेन्सचा फोकस हातानं फिरवावा लागतो. ५० एमएम १.८ ‘डी’ स्वस्तात मिळाली म्हणून आणली आणि फोकसच होईना, असं त्यामुळंच होतं. तिथं ‘जी’ घ्यायची. कॅननच्या ‘ईएफ-एस’ लेन्स कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाहीत.

अनेक जण मिररलेसकडं वळल्यानं डीएसएलआरच्या जुन्या लेन्स बाजारात भरपूर आल्यात. त्या घ्यायला हरकत नाही, पण मोबाईलची बॅटरी लावून एका बाजूनं आत बघावं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. थोडी धूळ चालते. लेन्स खाली तोंड करून धरली की नळी आपोआप घसरते का, झूमची रिंग कुठं अडते का, मागची धातूची कडा झिजलीय का, हेही तपासावं. जाताना स्वतःची बॉडी आणि कार्ड न्यावं. १८, ५० आणि १३५ वर तोंड पूर्ण उघडं ठेवून भिंतीवरच्या कॅलेंडरचे फोटो काढावेत आणि ते संगणकावर मोठे करून चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचावीत. एका बाजूची अक्षरं स्पष्ट आणि दुसऱ्या बाजूची पुसट आली तर लेन्स पडलेली असण्याची शक्यता मोठी. कार्ड घरी नेऊन बघायला विकणारा नाही म्हणत असेल, तर पैसेही घरीच राहू द्यावेत.