देश तसा वेश, पण का?

“देश तसा वेश” ही म्हण आपण सारेच जाणतो. कोकणात इरले, तर देशावर घोंगडी. कोकणात उतरते कौलारू छप्पर, तर खानदेशात मातीचे धाबे. हे कुणी हुकूम काढून ठरवले नाही. पावसाने ठरवले, मातीने ठरवले, आणि माणसाने त्यात आपली अक्कल घातली.

पण ही म्हण कपड्यांपुरतीच खरी आहे काय? माणसे काय खातात, घर कसे बांधतात, तंटा कसा मिटवतात, शेजाऱ्याशी कशी वागतात, या साऱ्याला मिळून संस्कृती म्हणतात. ती घडते कशी, हे समजण्यासाठी आपण एक परका देश पाहू. मग आपल्या घराकडे वळू.

युरोपात नेदरलँड्स नावाचा देश आहे. त्याला हॉलंडही म्हणतात. तिथले लोक ते डच. शिवकाळात मराठी माणसे त्यांना वलंदेज म्हणत. वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती. तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत.

हा देश महाराष्ट्राच्या सुमारे सातव्या हिश्श्याएवढा. वस्ती सुमारे १ कोटी ८० लाख. आणि नवल ऐका, त्याची चौथाई जमीन समुद्राच्या पातळीहून खाली आहे! बांध नसते, तर तिथे शेतात होड्या चालल्या असत्या.

म्हणून डच शेतकऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी मातीचे बांध घातले. आतले पाणी उपसायला पवनचक्क्या लावल्या. पण बांधाची एक गंमत असते. दहा जणांनी आपापला तुकडा राखला आणि अकराव्याने आळस केला, तर दहाही जण बुडतात. समुद्र काही सातबारा पाहून आत येत नाही.

यातून तिथे एक रीत पडली. ज्याची जमीन, त्याच्याकडे बांधाचा तुकडा. काही भागांत तर असा कायदा होता की, ज्याला आपला तुकडा राखणे झेपत नाही, त्याने बांधावर फावडे रोवून निघून जावे. जो ते फावडे उपटील, त्याची जमीन आणि त्याच्यावरच बांधाचा भार. ही देखरेख करायला पाणी-मंडळे निघाली. ऱ्हाइन नदीकाठच्या एका मंडळाचा उल्लेख १२५५ सालचा आहे. आजही अशी २१ मंडळे आहेत. ती वेगळा कर घेतात. त्यांची निवडणूकही होते.

एकत्र बसायचे, बोलायचे, जमेल ते ठरवायचे, ही सवय त्यांना पाण्याने लावली, असे पुष्कळ जाणकार मानतात.

खाण्याचेही तसेच. ओल्या, दलदलीच्या जमिनीत धान्य नीट येईना, गवत मात्र भरपूर. म्हणून त्यांनी गाई पाळल्या, लोणी आणि चीज केले. धान्य बाहेरून आणायचे, तर जहाजे हवीत. जहाजे आली, व्यापार आला.

पण नुसती जमीन सारे घडवीत नाही. आज त्या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. सपाट मुलूख आहे म्हणून, असे कुणी म्हणेल. ते अर्धेच खरे. मोटारी वाढल्या तशा सायकली मागे पडत चालल्या होत्या. १९७० नंतरच्या काळात रस्त्यावर मुले मरू लागली, तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. मग सायकलींसाठी वेगळे रस्ते झाले. म्हणजे संस्कृती माणसाच्या निश्चयानेही घडते.

आणि कुठलाही देश नुसता सद्गुणांचा पुतळा नसतो. याच डचांच्या व्यापारी कंपनीने १६०२ सालापासून पूर्वेकडे दंडेली केली, गुलामांचा व्यापार केला. डचांनी इंडोनेशियावर राज्य केले आणि त्याचे स्वातंत्र्य १९४९ साली मान्य केले. परक्याचे चांगले पाहावे, पण डोळे झाकून नव्हे.

आता आपल्याकडे पाहू. “छे! आपल्या लोकांत एकी नाही, ते त्यांच्या रक्तातच असतं,” असे चावडीवर नेहमी ऐकू येते. हे साफ चूक आहे, बरं का.

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर फड पद्धत शेकडो वर्षे चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. पाणी पाटकरी देई, राखण जागल्या करी, आणि पंच ठरवीत ते सगळे मानीत. सरकारी साहेब नव्हता, तरी पाणी वाटले जाई.

गोव्यातली खाजन शेतीही अशीच. खाडीचे खारे पाणी अडवायला बांध आणि बांधात ‘मानस’ नावाचे दार. भरतीला ते आपोआप मिटते, ओहोटीला उघडते. आत भात पिकते. बांधाची काळजी गावकरी संस्था वाहत असे. डचांचे काम आणि हे काम जणू सख्खे भाऊ!

मग फरक कुठे पडला? १९५३ सालच्या १ फेब्रुवारीच्या पहाटे डचांचे बांध फुटले. १,८३६ माणसे बुडाली. त्यानंतर त्यांनी समुद्राच्या तोंडाशी मोठमोठी दारे बांधण्याचे काम हाती घेतले आणि ते १९९७ पर्यंत नेटाने चालवले. पाणी-मंडळांची जुनी रीतही मोडली नाही. आपल्याकडे मात्र वरच्या अंगाला धरणे झाली आणि बरेच फड मोडले. गोवा १९६१ साली मुक्त झाला. पुढे कुळकायदा आला. कुळाला जमीन मिळाली, हे न्यायाचेच झाले. पण बांध कुणी राखायचा, हा प्रश्न मागे राहिला. कितीतरी ठिकाणी बांध फुटून शेतात मीठ शिरले.

यावरून ध्यानात येईल की रीत रक्तात नसते. ती हाताने चालवावी लागते. हात थांबला की रीतही थांबते.

तेव्हा परका देश समजून घ्यायचा असेल, तर आधी नकाशा उघडा. मग पाच गोष्टी विचारा. जमीन आणि पाणी कसे? ताटात काय? मोठे संकट कोणते? निर्णय कोण करतो? दुसऱ्यांकडून काय घेतले? हेच पाच प्रश्न आपल्या गावालाही विचारा. आपले उत्तम आणि त्यांचे वाईट, अशी जोडी लावू नका. उलटीही लावू नका. ऐकीव गोष्ट दोन ठिकाणी पडताळून पाहा.

विचार करा :
१. तुमच्या गावात सर्वांनी मिळून राखायची कोणती गोष्ट आहे? बांध, पाट, तळे की विहीर?
२. ती पूर्वी कोण राखत असे? आज कोण राखतो?
३. पुढच्या पावसाआधी तिच्यासाठी तुम्ही काय कराल?