हार्डडिस्क हरवली आहे!

आमच्या टेस्टिंग लॅबमध्ये २००४ सालचा एक पेंटियम फोर आहे. यूटीएमचं कार्ड आणि सॉफ्टवेअर फक्त त्याच्यावरच, एक्सपीत चालतं, म्हणून तो अजून नोकरीत आहे. गेल्या सेमिस्टरला त्याची ४० जीबीची आयडीई डिस्क टकटक वाजू लागली. आत आमच्या प्रोजेक्टची सगळी रीडिंग्ज, आणि सबमिशन बारा दिवसांवर! सरांनी भंगारातल्या पीसीतली ३२० जीबीची साटा डिस्क दिली. म्हणाले, "बघा काही जमतंय का."

जमेना. बायोसमध्ये साटासमोर 'नन'. त्यात मी शहाणपणा करून सीडी ड्राइव्ह जुन्या डिस्कच्याच केबलवर लावला, तर जुनी डिस्कही गायब. काळजात धस्स झालं! कारण साधं होतं: दोघांचेही जम्पर 'मास्टर'वर. एका केबलवर दोन मास्टर नांदत नाहीत. सीडीला 'स्लेव्ह' केलं, डिस्क परत आली. मग मात्र रीडिंग्ज आधी पेन ड्राइव्हवर घेतली. (हे पहिल्याच मिनिटाला करायचं होतं, माहीत आहे.)

मित्रांनो, डिस्क दिसत नाही म्हणजे कुणाला दिसत नाही, हे आधी बघायचं. हात लावून कंप जाणवला नाही तर पॉवर तपासा. फिरते पण बायोसला दिसत नाही, तर केबल, जम्पर किंवा बायोसमधलं सेटिंग. बायोसला दिसते पण विंडोजच्या सेटअपला नाही, तर ड्रायव्हर. एक्सपीत तो एफ-सिक्स दाबून फ्लॉपीवरून द्यावा लागतो.

आमची डिस्क फिरत होती. केबल बदलली, बायोसमध्ये साटा 'एनेबल' केलं, तरी नन. शेवटी डिस्कवरचं लेबल वाचलं. डिस्क ३ गिगाबिट वेगाची, बोर्ड दीडचा. खरं तर दोघांनी आपसांत ठरवून कमी वेगावर यायचं असतं, पण काही जुन्या चिपसेटना ते जमत नाही. अशा बऱ्याच डिस्कवर वेग दीडवर बांधायला दोन पिना असतात. एका मेलेल्या डिस्कवरचा जम्पर ढापून तिथे बसवला. रिस्टार्ट. नाव आलं! अख्खी लॅब ओरडली.

खरा धोका पुढेच होता. आमची सीडी २००१ची, सर्व्हिस पॅक नसलेली. तिला ३२०ऐवजी १३७ जीबीच दिसले. जुनी पद्धत सेक्टरचा पत्ता २८ बिटांत लिहिते. २चा २८वा घात गुणिले ५१२ बाइट, की हद्द संपली. न दिसणारी डिस्क निदान काही बिघडवत नाही. पण दुसरीकडे ३२० जीबीचं एकच पार्टिशन करून आणलेली डिस्क अशा विंडोजला लावली आणि ते हद्दीपलीकडे लिहायला गेलं, तर आधीचा डेटा खराब होऊ शकतो. सर्व्हिस पॅक दोनची सीडी शोधली, मगच इन्स्टॉल केलं.

चौथ्या दिवशी यूटीएम सुरू झालं. जम्पर अजून तिथेच आहे. लॅबच्या मामांना सांगू नका.