गुडघ्यातलं इंजेक्शन: दोन टोकांची मतं आणि मधला गुडघा

आईच्या उजव्या गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यायचं ठरलं, तेव्हा घरात दोन तट पडले. मावशी म्हणाली, "अजिबात घेऊ नकोस ताई, हाडं भुसभुशीत होतात." शेजारच्या काकांचं नेमकं उलट, "एकच टोचून घ्या वहिनी, जन्माचं दुखणं जाईल." दोघंही मायेपोटीच बोलत होते. पण चुकत दोघंही होते, आणि खरं काय ते आम्हाला इंजेक्शन घेतल्यानंतर एकेक करून कळत गेलं. ते आधी कुणी सांगितलं असतं तर आईची एक रात्र आणि आमचे चार दिवस काळजीत गेले नसते.

मावशीची भीती हवेतून आलेली नाही. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या छोट्या ग्रंथी आपल्या शरीरात जे संप्रेरक तयार करतात, त्याच कुळातलं हे औषध. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं, तेव्हा अंथरुणाला खिळलेलं माणूस काही दिवसांत चालू लागलं. १९५० मध्ये हेंच आणि आणखी दोन शास्त्रज्ञांना या संप्रेरकांवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. पण महिनोन्महिने औषध दिल्यावर त्याची दुसरी बाजूही दिसली: चेहरा सुजणं, साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं. आपल्याकडे तर सांधेदुखीच्या 'जादूच्या' पुड्यांमध्ये गुपचूप स्टिरॉइड मिसळल्याचे प्रकार उघडकीला आले आहेत. म्हणून हा शब्द ऐकला की लोक दचकतात. सांध्यात दिलेल्या एका इंजेक्शनाची गोष्ट मात्र वेगळी आहे. ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोनसारखं औषध थेट सुजलेल्या जागी जातं, गुडघ्याला बहुधा ४० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तिथून हळूहळू विरघळतं. रोजच्या गोळ्यांनी होणारी हाडांची झीज अशा एखाद्या इंजेक्शनानं होत नाही. व्यायामशाळेत स्नायू फुगवायला जी स्टिरॉइडं घेतात, त्यांच्याशी तर याचा संबंधच नाही.

तरी 'औषध गुडघ्यातच राहतं' हाही गैरसमजच. थोडं रक्तात उतरतंच. आईला मधुमेह आहे, हे तिच्या कागदांवर लिहिलेलं होतं, पण साखर वाढू शकते असं आम्हाला कुणीही बजावलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्लुकोमीटरवर ३१२ आकडा पाहून आम्ही हादरलो. तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी फोनवर धीर दिला: काही दिवस, फार तर आठवडाभर असं होऊ शकतं, साखर रोज तपासा आणि मला कळवत राहा. पाचव्या दिवशी आकडे जागेवर आले. मधुमेह असलेल्या कुणालाही सुई टोचण्याआधीच हे सांगितलं गेलं पाहिजे. याबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही.

आता काकांचं म्हणणं. दवाखान्यातून बाहेर पडताना आई खरोखर तरातरा चालत होती. "बघ, गेलं दुखणं!" म्हणाली. रात्री गुडघा पुन्हा ठणकू लागला, आधीपेक्षा जास्तच, आणि तिला वाटलं इंजेक्शन फुकट गेलं. झालं होतं असं की स्टिरॉइडसोबत बहुतेक वेळा लिग्नोकेन हे भुलीचं औषध मिसळतात. ते मिनिटांत काम करतं आणि काही तासांत उतरतं. पहिला आराम त्याचा. स्टिरॉइडचा खरा गुण यायला दोन-तीन दिवस, कधी आठवडा लागतो. मधल्या एक-दोन दिवसांत काहींचा सांधा उलट चिडतो. तेव्हा बर्फानं शेकायचं, पायाला विश्रांती द्यायची. कुणाचा चेहरा दिवसभर लालबुंद होतो, तेही ओसरतं. पण दुखणं दिवसागणिक वाढतच गेलं, सांधा लाल-गरम झाला किंवा ताप आला, तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. सांध्यात जंतुसंसर्ग होणं फार दुर्मीळ आहे, पण झाला तर उशीर परवडत नाही.

जन्माचं दुखणं मात्र जात नाही. सूज उतरते, झिजलेली कूर्चा परत येत नाही. या इंजेक्शनाला 'वंगण भरणं' म्हणतात तेही चूक, ते जेलचं इंजेक्शन निराळं. गुण साधारण काही आठवडे टिकतो, नशीब असेल तर दोन-तीन महिने. म्हणून दर तीन महिन्यांनी टोचत राहावं का? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गुडघ्याची झीज असलेल्या १४० जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षं दर बारा आठवड्यांनी ट्रायमसिनोलोन दिलं, उरलेल्यांना नुसतं मिठाचं पाणी. दोन वर्षांनी दुखण्यात फरक नव्हता, पण स्टिरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त झिजली होती. एकाच सांध्यात वर्षाला तीन-चारपेक्षा जास्त नकोत, असं डॉक्टर सांगतात ते अशा कारणांनी. गुडघा बदलायची शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर आधीचे तीन महिने इंजेक्शन टाळतात.

जागेप्रमाणेही गुण बदलतो. अडकणाऱ्या बोटाला किंवा नुकत्याच आखडू लागलेल्या खांद्याला ते छान लागू पडतं. टेनिस एल्बोमध्ये सुरुवातीला बरं वाटतं, पण वर्षभरानं इंजेक्शन न घेतलेलेच जास्त बरे असल्याचं दिसलं आहे.

मग आईनं घेतलं ते चुकलं का? मला नाही वाटत. दुखण्यापायी ती मांडीचे व्यायाम करूच शकत नव्हती. आणि गरज तर व्यायामाचीच होती: २०२० मध्ये गुडघ्याची झीज असलेल्या १५६ रुग्णांवर झालेल्या एका तुलनेत वर्षअखेरीस इंजेक्शनापेक्षा फिजिओथेरपी सरस ठरली होती. आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी दुखणं कमी झाल्या झाल्या आईला कामाला लावलं: पाय सरळ ठेवून उचलणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं, रोज दोन वेळा.

आठव्या आठवड्यात गुडघा पुन्हा थोडा कुरकुरू लागला. डॉक्टरांनी विचारलं, दुसरं द्यायचं का? आई म्हणाली, दिवाळीनंतर बघू. आमचा जिना ती आता एका पायरीवर एकच पाऊल ठेवत चढते.