वाचनालयाची अनामत ही फी नव्हे

महाराष्ट्रातील सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेव विभागात एक तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते : वाचनालय सरकारचे, त्याला अनुदान मिळते, मग वाचकाकडून पुन्हा अनामत आणि वर्गणी कशासाठी? या एका तक्रारीत तीन समजुती आहेत. वाचनालय सरकारी असते, अनुदानात त्याचा सगळा खर्च भागतो आणि अनामत म्हणजे कायमची गेलेली फी. तिन्ही चुकीच्या आहेत. त्यांचा सर्वाधिक तोटा खेड्यातील वाचकाला होतो. रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक, म्हणजे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव, किंवा तसेच दुसरे एखादे गाव घेतले, तर तेथील माणूस बाजाराच्या किंवा कचेरीच्या कामाला तालुक्याला येतो. अनामतीचा आकडा ऐकून तो वाचनालयाच्या दारातून परत फिरला, की पुन्हा सहसा येत नाही. एका चुकीच्या समजुतीपायी एक वाचक कायमचा जातो.

वाचनालय कोणाचे?

महाराष्ट्रातील बहुतेक सार्वजनिक वाचनालये सरकारने काढलेली नाहीत. ती लोकांनी काढली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली ग्रंथप्रेमी नागरिकांच्या पुढाकाराने उभे राहिले. पेणचे महात्मा गांधी वाचनालय किंवा रोह्याचे भाटे सार्वजनिक वाचनालय याच परंपरेतील. अशा संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. कारभार कार्यकारी मंडळ पाहते आणि वर्षाचा हिशेब वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा लागतो. कार्यवाह आणि अध्यक्ष सरकारी नोकर नसतात, ग्रंथपालही नसतो.

मग सरकारचा संबंध कुठे येतो? महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली झाला आणि १ मे १९६८ पासून अमलात आला. अनुदानाचे नियम १९७० चे आहेत. या कायद्याखाली ग्रंथालय संचालनालय वाचनालयांना मान्यता देते, त्यांची 'अ', 'ब', 'क', 'ड' अशी वर्गवारी करते, दरवर्षी तपासणी करते आणि अनुदान देते. ग्रंथसंख्या, सभासद, येणारी वृत्तपत्रे व नियतकालिके, कर्मचारी आणि वाचनालय उघडे राहण्याचे तास यांवर वर्ग ठरतो. रायगडमध्ये हे काम अलिबागच्या जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयातून चालते. जिल्हा आणि विभाग पातळीवर काही शासकीय ग्रंथालये आहेत, ती मात्र खरोखर सरकारी. एरवी मान्यता आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनुदानित शाळा सरकारच्या मालकीची होत नाही हे सर्वांना समजते. वाचनालयाच्या बाबतीत मात्र तेच पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

अनुदानात किती भागते?

'लाखो रुपये येतात' हे वाक्य चहाच्या टपरीवर सहज बोलले जाते. प्रत्यक्ष आकडा पाहावा. २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने ग्रंथालयांच्या अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर केली. त्याआधी 'ड' वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला ३० हजार रुपये मिळत. त्या वाढीनंतर ही रक्कम ४८ हजार झाली, म्हणजे महिन्याला ४ हजार. खेड्यातील बहुतेक छोटी वाचनालये खालच्या वर्गांतच मोडतात. एवढ्याशा रकमेत ग्रंथपालाचे मानधन, वर्तमानपत्रांचे बिल, विजेचे बिल, बांधणी, कपाटांची दुरुस्ती आणि नवी पुस्तके एवढे बसवायचे असते. आणि ही रक्कम दरमहा येत नाही. अनुदान वर्षातून दोन हप्त्यांत मिळते. हप्ता लांबला तर पेपरवाल्याची उधारी संस्थेलाच फेडावी लागते. सभासदांची वर्गणी, देणग्या आणि आजीव सभासदांचे पैसे हे या संस्थांचे वरकड उत्पन्न नव्हे. त्यांच्याविना दरवाजा उघडा राहत नाही.

आता 'आम्ही कर भरतो' हा मुद्दा. वाचनालय विनाशुल्क असावे ही अपेक्षा मुळात चूक नाही. युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यानेही तत्त्व म्हणून ती मान्य केली आहे. पण त्याच जाहीरनाम्यात खर्चाची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक संस्थांवर टाकलेली आहे. फुकट सेवेचा खर्च कोणीतरी उचलावाच लागतो. तमिळनाडूच्या १९४८ च्या कायद्यात आणि कर्नाटकाच्या १९६५ च्या कायद्यात त्यासाठी ग्रंथालय कराची तरतूद आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात असा कर नाही. गागोद्याच्या रहिवाशाने ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती काढून पाहावी. तीत ग्रंथालयाचा कर सापडणार नाही. ज्या करातून वाचनालय चालत नाही, तो कर भरल्याचा दाखला देऊन वर्गणी नाकारण्यात अर्थ नाही.

विनाशुल्क वाचनालय कसे उभे राहते याचे उत्तम उदाहरण बडोद्यात घडले, आणि गागोद्याशी त्याचा थेट संबंध आहे. विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा. बालपण गागोद्यात गेले आणि शिक्षण बडोद्यात झाले. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. मध्यवर्ती ग्रंथालय सर्वांना विनामूल्य खुले होते, आणि खेड्यांकडे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात. पण ती सोय आपोआप झाली नाही. गावाने वाचनालयासाठी ठराविक रक्कम जमवली, तर तेवढीच रक्कम पंचायत आणि तेवढीच राज्य सरकार देत असे. गावाचा वाटा तेथेही होताच. त्या मध्यवर्ती ग्रंथालयात विनोबा तासन्‌तास वाचत बसत. उन्हाळ्यात सदरा काढून उघड्या अंगाने वाचताना कर्मचाऱ्याने हटकले, पण ग्रंथालयाच्या प्रमुखांनी वाचू दिले, ही आठवण त्यांनीच सांगितली आहे. खेड्यातून आलेल्या मुलाला मोठे ग्रंथालय मिळाले, कारण राजाने त्यावर खजिन्यातून खर्च केला. महाराष्ट्रात तसे हवे असेल, तर मागणी सरकारकडे अनुदानवाढीची आणि ग्रंथालय कराची करायला हवी. देवघेव सांभाळणाऱ्या, तुटपुंज्या मानधनावरच्या कर्मचाऱ्याशी हुज्जत घालून ते होणार नाही.

अनामत म्हणजे काय?

पुस्तक घरी न्यायचे तर वाचनालय दोन प्रकारे पैसे घेते. वर्गणी ही सेवेची रक्कम आहे. ती मासिक, तिमाही किंवा वार्षिक असते आणि परत मिळत नाही. अनामत ही तारण म्हणून ठेवलेली रक्कम आहे. सभासदत्व सोडताना हातातली पुस्तके परत केली, थकबाकी चुकती केली आणि अर्ज दिला की ती परत मिळते. संस्थेच्या ताळेबंदात ती उत्पन्नात धरली जात नाही, देण्यांच्या बाजूला दाखवावी लागते. अनामतीची रक्कम पुस्तकांच्या किमतीकडे आणि एका वेळी दिल्या जाणाऱ्या पुस्तकांच्या संख्येकडे पाहून ठरते. एकाऐवजी दोन पुस्तके न्यायची असतील, तर साहजिकच ती वाढते.

अनामत परत मिळत नाही अशी ओरड होते, तेव्हा कारण बहुधा एकच असते : पावती हरवलेली असते आणि अर्जही केलेला नसतो. पावती जपून ठेवावी. ती गहाळ झाली, तर तसे लिहून द्यावे. वाचनालयाच्या नोंदवहीत सभासद क्रमांकासमोर रक्कम लिहिलेली असते. वाचनालयात जाणे बंद करून वर्षानुवर्षे गप्प राहणे म्हणजे सभासदत्व सोडणे नव्हे. राजीनामा लेखीच द्यावा लागतो.

देवघेवीचे नियम संस्थेगणिक थोडे बदलतात, म्हणून सभासद होतानाच नियमावली मागून घ्यावी. एका वेळी किती पुस्तके, किती दिवस, मुदतवाढ कशी, विलंब शुल्क किती आणि नियतकालिकांची मुदत वेगळी आहे का, हे पाच प्रश्न विचारले की पुढचे बहुतेक वाद टळतात.

आणखी काही गैरसमज

गैरसमज : सभासद नसलेल्याला वाचनालयात पाऊल ठेवता येत नाही.
वस्तुस्थिती : मान्यताप्राप्त सार्वजनिक वाचनालयाचा वृत्तपत्र वाचन विभाग सर्वांना विनाशुल्क खुला असतो. अनामत आणि वर्गणी लागते ती पुस्तक घरी नेण्यासाठी. एसटीची वाट पाहणाऱ्याने तासभर तेथे बसून वर्तमानपत्रे वाचावीत. ती त्याच्यासाठीच ठेवलेली असतात.

गैरसमज : तालुक्याच्या वाचनालयात खेड्यातल्या माणसाला सभासद करून घेत नाहीत.
वस्तुस्थिती : पत्त्याचा पुरावा मागतात तो पुस्तक परत मागता यावे म्हणून. गाव, जात, धर्म, शिक्षण किंवा स्त्री-पुरुष असा भेद करून दार बंद ठेवणारी संस्था सार्वजनिक ग्रंथालय म्हणवून घेऊ शकत नाही.

गैरसमज : विलंब शुल्क हा वाचनालयाच्या कमाईचा मार्ग आहे.
वस्तुस्थिती : दिवसाला काही पैसे किंवा रुपया-दोन रुपये आकारून कोणतीही संस्था चालत नाही. एखाद्या गाजलेल्या कादंबरीची वाचनालयात एकच प्रत असते आणि तिच्यासाठी इतर वाचकांनी नाव नोंदवलेले असते. एकाने ती दोन महिने उशाशी ठेवली, तर तेवढे दिवस त्या सर्वांचे वाचन थांबते. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम १९३१ साली मांडणाऱ्या डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी पुस्तक वापरात राहावे आणि वाचकाचा वेळ वाचावा यांवरच भर दिला होता. मुदत संपण्याआधी वाचनालयात कळवले आणि पुस्तकाला दुसऱ्याची मागणी नसली, तर मुदतवाढ बहुधा मिळते.

गैरसमज : पुस्तक हरवले तर त्यावर छापलेली किंमत भरली की झाले.
वस्तुस्थिती : पहिली अपेक्षा तेच पुस्तक आणून देण्याची असते. चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रतीवर २० रुपये छापलेले असतील, पण आजची आवृत्ती त्या पैशांत मिळत नाही. संचातील एक खंड हरवला, तर उरलेला संचही अपुरा होतो. म्हणून अशा वेळी भरपाई जास्त असते. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक असतो आणि तपासणीच्या वेळी त्याचा हिशेब द्यावा लागतो.

गैरसमज : कोश आणि दुर्मीळ ग्रंथ घरी देत नाहीत, कारण ते खास माणसांसाठी राखलेले असतात.
वस्तुस्थिती : संदर्भ ग्रंथ वाचनालयातच वाचायचे असतात, आणि हा नियम सर्वांना सारखा आहे. विश्वकोशाचा खंड एकाच्या घरी गेला, की स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या बाकीच्यांना तो मिळत नाही.

गैरसमज : वाचनालयाची प्रत आहे, म्हणून संपूर्ण पुस्तकाची झेरॉक्स काढता येते.
वस्तुस्थिती : १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खासगी अभ्यासापुरता मर्यादित वापर मान्य आहे, अख्ख्या पुस्तकाची नक्कल नाही. हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. विनोबांचे निधन १९८२ साली झाले, त्यामुळे त्यांच्या लेखनावरील हक्काची मुदत २०४२ अखेरपर्यंत येते. मोबाइलवर फिरणाऱ्या पुस्तकांच्या पीडीएफलाही हाच कायदा लागू आहे.

गैरसमज : आता सगळे मोबाइलवर मिळते, वाचनालयाची गरज उरली नाही.
वस्तुस्थिती : मराठी विश्वकोश आणि साहित्य संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके संकेतस्थळावर मोफत आहेत, त्यांचा जरूर उपयोग करावा. पण हक्काची मुदत न संपलेल्या मराठी कथा-कादंबऱ्या, जुने दिवाळी अंक आणि स्थानिक इतिहासाची पुस्तके यांतील फार मोठा भाग आजही कागदावरच आहे.

गैरसमज : गावात वाचनालय काढणे हे सरकारचे काम आहे.
वस्तुस्थिती : महाराष्ट्राच्या पद्धतीत गावकऱ्यांनी आधी संस्था नोंदवायची, पुस्तके जमवायची आणि वाचनालय चालवून दाखवायचे असते. मान्यता आणि अनुदान त्यानंतर येते. २०१२ नंतर अनेक वर्षे नव्या मान्यता थांबलेल्या होत्या, त्यामुळे सध्याची स्थिती जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात विचारून मगच पुढचे पाऊल टाकावे.

तक्रार कोठे करावी?

वाचन विभाग विनाशुल्क वापरू दिला नाही, पुस्तके परत करूनही अनामत दिली नाही किंवा ठरलेल्या वेळेत वाचनालय उघडले नाही, तर वाचकाने गप्प बसू नये. आधी ग्रंथपालाशी बोलावे, मग कार्यवाहांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. तेवढ्याने काम झाले नाही, तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वाचनालयांची तपासणी हे त्यांचेच काम आहे, आणि संस्थेचे अनुदान तपासणीवर अवलंबून असते. वर्गणीदार सभासदाला संस्थेच्या घटनेत मतदानाचा हक्क असेल, तर त्याने वार्षिक सभेला हजर राहून हिशेबाबद्दल प्रश्न विचारावेत आणि हव्या असलेल्या पुस्तकांची यादी द्यावी.