भाताच्या राखणीस शिकारी पोशाख घ्यावा काय?

गेल्या दोन-तीन हंगामांत मुरबाड, शहापूर व कल्याण या तालुक्यांतील रानाकडेच्या गावी एक नवा प्रकार दृष्टीस पडू लागला आहे. दाणा भरू लागला म्हणजे रानडुकरांसाठी राखण करावी लागते हे वाचकांस सांगावयास नको. परंतु हल्ली माचावर बसणारी तरुण मंडळी परदेशी बनावटीचा शिकारी कोट, त्याच कापडाची विजार व टोपी असा सरंजाम घालून बसलेली दिसतात. हा माल परदेशी शिकाऱ्यांसाठी तयार होतो व घरबसल्या मागविता येतो. किंमत ऐकून मात्र जुन्या माणसाची छाती दडपते. आपल्या संघाच्या तीन-चार सभासदांनी मजजवळ पृच्छा केली की, एवढा पैसा घालून हा पोशाख घेणे शेतकऱ्यास परवडेल काय? प्रस्तुत लेखकाने महसूल खात्यात कारकुनी करून केस पांढरे केले. कापडाचे ज्ञान त्यास बेताचेच आहे. परंतु जमाखर्च मांडण्याची सवय हाडीमांसी खिळली आहे, आणि घरची भाताची खाचरे सरळगावच्या पुढे रानास लागून असल्यामुळे राखणीचा अनुभव दरसालचा आहे. त्या बळावर चार शब्द लिहितो.

प्रथम एक खुलासा करणे अवश्य आहे. पोशाखास ‘शिकारी’ हे विशेषण असले तरी आपल्या देशात शिकार अशी उरलेली नाही. 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला व 1991 च्या दुरुस्तीने उरलीसुरली वाटही बंद झाली. पीक नासणारे डुक्कर असले तरी वनखात्याच्या लेखी परवानगीवाचून त्यास मारता येत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो. त्यावरून जनावर मारण्यास मुभा मिळाली असे पुष्कळांस वाटते, पण तो समज चुकीचा आहे. तेव्हा आपणास विचार करावयाचा तो राखणदाराच्या वस्त्राचा.

हे कोट कोणाकरिता निघाले ते पाहिले म्हणजे निम्मा उलगडा होतो. 1823 साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश याने दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून पाणी न झिरपणारे कापड काढले. त्यात घाम कोंडे. पुढे 1879 च्या सुमारास थॉमस बर्बरी याने घट्ट विणीचे गॅबर्डिन काढले. 1894 पासून साउथ शील्ड्स या बंदरी बार्बर यांच्या पेढीचे मेण लावलेले कोट कोळी, खलाशी व शिकारी वापरू लागले. शेवटी 1969 साली अमेरिकेत रॉबर्ट गोर यास एका कृत्रिम पदार्थाचा पडदा ताणून त्यात अतिसूक्ष्म छिद्रे पाडण्याची युक्ती साधली. त्या छिद्रांतून पाण्याचा थेंब आत येऊ शकत नाही, परंतु घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. आजचे महाग शिकारी कोट बहुतेक याच जातीच्या कापडाचे असतात. ही सर्व थंड मुलुखाची निपज होय. तेथे शिकारी गोठविणाऱ्या वाऱ्यात व रिमझिम पावसात चार-चार तास निश्चल बसतो. कपडा ओला झाला तर त्याच्या जिवावर बेतते. अशा मनुष्याने कोटावर महिन्याचा पगार घातला तरी त्यास उधळ्या म्हणता येणार नाही.

आता तोच कोट आषाढात मुरबाडास आणला तर काय होते? वाफ बाहेर जाते ती आतील व बाहेरील वाफेच्या दाबात अंतर असते म्हणून. अंगाजवळच्या 34 अंश उष्णतेच्या ओल्या हवेत हा दाब पाऱ्याच्या मापाने सुमारे 40 मिलिमीटर भरतो. थंड देशात 5 अंशांची ओलसर हवा असली तरी बाहेरचा दाब 6 मिलिमीटर. म्हणजे अंतर 34 चे. आपल्याकडे पावसाळ्यात उष्णता 27 अंश व हवा नव्वद टक्के ओलाव्याने भरलेली. बाहेरचा दाब 24, अंतर अवघे 16. घामाची वाफ ढकलणारा जोर निम्म्याहूनही कमी झाला. आणि घाम मात्र येथे दुप्पट येतो. त्यात खाचरातील चिखल व अंगाचे तेल कापडावर बसले म्हणजे वरून पाणी ओघळून जाण्यासाठी दिलेला लेप निकामी होतो, बाहेरचे कापड भिजून जड होते, आणि वाफेचा उरलासुरला मार्गही बंद पडतो. मग चोवीस हजारांचा कोट आणि चारशेचा साधा रेनकोट यांत घामाच्या बाबतीत म्हणण्यासारखा भेद उरत नाही.

ही गोष्ट मी पुस्तकी हिशेबावरून बोलत नाही. नोकरीत असताना पीकनुकसानीच्या पंचनाम्यांसाठी भर पावसात हिंडावे लागे, म्हणून मी कल्याणच्या एका दुकानातून असाच एक बऱ्यापैकी महाग कोट घेतला होता. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्यात बगला व पाठ आतून ओलीचिंब होऊ लागली. तिसऱ्या वर्षी मृगापूर्वी कपाट उघडले तो कोटाच्या आतील थराचे पापुद्रे सुटून पडलेले! दुकानदाराने “हवेचा दोष” म्हणून हात झटकले. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. अस्तरास चिकटविलेले असले कृत्रिम थर उष्ण व दमट हवेत हळूहळू विघटित होतात. पण हे त्याने विकताना सांगावयास हवे होते.

शिवाय हे कोट उभ्या किंवा बसलेल्या मनुष्याच्या मापाने बेतलेले असतात. आवणीस वाकणाऱ्याचा कोट पाठीवरून वर सरकतो व कंबर उघडी पडते. आपले इरले पाहा. बांबूच्या कामट्यांच्या दुहेरी जाळीत पळसाची किंवा सागाची पाने दाबून केलेली ही ढाल डोक्यावर घेतली की वाकलेली पाठ झाकते, दोन्ही हात मोकळे राहतात, आणि चहूबाजूंनी वारा खेळतो. घाम कोंडण्याचा प्रश्नच नाही. वाऱ्यात ते उडते व वाटेने चालताना झुडपांत अडकते हे दोष आहेतच. आता विणणारेही थोडे राहिले आहेत. तरी वाकून करावयाच्या कामास याहून सोयीचे वस्त्र माझ्या पाहण्यात नाही.

राखणीचे दिवस मात्र आवणीचे नव्हेत. हळवे भात भाद्रपदाअखेर व गरवे कार्तिकापर्यंत. तेव्हा पाऊस सरत आलेला, हस्ताची एखादी सर, पुढे पहाटेचे दव व डास. यासाठी शिकारी पोशाखाचे जे दोन मोठे गुण सांगतात, पानाफांद्यांची नक्षी व न सळसळणारे कापड, ते तरी उपयोगी पडतात काय? शिकाऱ्याचा हेतू जनावरास आपला सुगावा लागू न देता ते जवळ येऊ द्यावे, हा आहे. राखणदारास तर जनावर जवळ यावयास नको आहे. त्याने आवाज करावा, पत्र्याचा डबा वाजवावा, विजेरी फिरवावी, आणि शेतात माणूस आहे हे डुकरास दुरूनच कळावे, यातच त्याचे काम आहे. लपण्यासाठी पैसे मोजून पुन्हा डबा बडवीत बसणे यास काय म्हणावे? डुकराची नजरही फारशी तीक्ष्ण नसते. त्याची सारी भिस्त नाकावर व कानावर. नक्षी कितीही हुबेहूब असो, वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर त्यास तुमचा पत्ता लागलेलाच आहे.

या नक्षीपासून एक अपायही आहे, आणि हा लेख लिहिण्यास खरे कारण तेच झाले. माझा पुतण्या डोंबिवलीस नोकरीस असतो. गेल्या आश्विनात त्याने असा चोवीस हजारांचा जोड घेतला व मोठ्या हौसेने राखणीस गावी आला. मध्यरात्री डुकरे आली असे वाटून तो माचावरून उतरला व ओढ्याच्या कडेने वाकून चालू लागला. पलीकडे आमचे शेजारी राखणीस होते. त्यांस झुडपांत काही काळे हलताना दिसले, आणि त्यांनी गोफण फिरविली. धोंडा पोराच्या कानाजवळून गेला व मागच्या ऐनावर आदळला. पोर ओरडले तेव्हा शेजारी धावत आले. त्यांचे हात थरथर कापत होते. ते म्हणाले, “भाऊ, नेहमीचा पांढरा सदरा असता तर मी ओळखला नसता का?” त्या रात्री त्यांच्या हाती बंदूक असती तर काय झाले असते, याचा विचार माझ्या वहिनींनी अद्याप सोडलेला नाही. अशी गोष्ट घडत नाही असे कोणी समजू नये. 2025 च्या जानेवारीच्या अखेरीस पालघर जिल्ह्यात मनोरच्या बाजूस डुकराच्या शिकारीस गेलेल्या टोळीतील एकाने आपल्याच सोबत्यास डुक्कर समजून गोळी घातली व तो मरण पावला.

अमेरिकेत शिकार चालते, तेथेही पुष्कळ संस्थानांतून बंदुकीच्या हंगामात भडक नारिंगी बंडी घालण्याची शिकाऱ्यांस कायद्याने सक्ती आहे. हरिण व डुक्कर यांच्या डोळ्यांस नारिंगी व तांबडा रंग आपल्याप्रमाणे वेगळा उमगत नाही, माणसास मात्र तो दुरून दिसतो. रस्त्यावर काम करणारे मजूर घालतात ती चकाकत्या पट्ट्यांची बंडी दीडशे रुपयांस मिळते. विजेरीचा उजेड पडताच पट्ट्या झळकतात. माझ्या मते राखणदाराने दुसरे काही घेतले नाही तरी ही घ्यावी. लष्करी नक्षीच्या कपड्यांविषयी आणखी एक सूचना: सैन्याने 15 जानेवारी 2022 रोजी नवा गणवेश दाखविला व त्या नक्षीचे हक्क नोंदवून घेतले आहेत. बाजारात त्याची नक्कल मिळाली तरी घेऊ नये. विनाकारण चौकशीस तोंड द्यावे लागेल.

थंडीस व दवास आपली घोंगडी आहे. दख्खनी मेंढ्यांची राठ लोकर, धनगरांचे विणकाम आणि चिंचोक्याची खळ यांमुळे पावसाची हलकी सर ती सहज सोसते. लोकर पुष्कळ ओल शोषून घेते तरी अंगास गार लागत नाही. शेकोटीजवळ बसणारास आणखी एक गुण महत्त्वाचा वाटेल. ठिणगी पडली तर लोकर करपते व विझते; नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे कापड वितळून कातडीस चिकटते. घोंगडी भिजली म्हणजे ओझे होते व वाळावयास दोन दिवस लागतात, हेही खरे. म्हणून मुसळधार पावसात तिजवर प्लास्टिकचा कागद हवाच.

आता ज्यावर पैसा घालावा असे मला मनापासून वाटते ती वस्तू सांगतो. शिकारी पोशाख घेणारे आमचे तरुण पायांत बहुधा रबरी चपला घालतात! नाग, मण्यार, घोणस व फुरसे ही चार विषारी जनावरे आपल्या बांधावर व खाचरांत असतात. भाताबरोबर उंदीर येतात, उंदरांमागे साप येतो. शेतकऱ्यास होणारे दंश बहुतांशी पावलावर व गुडघ्याखाली होतात. गुडघ्यापर्यंतचे जाड रबरी गमबूट असले तर दंश बहुधा तेथेच अडतो. दवाखान्यातील सर्पविषावरील लस या चारही जातींवर चालते. पण दवाखाना गाठेपर्यंतचा वेळ कोणाच्या हाती नसतो. (दंश झालाच तर दोरी आवळणे, चिरा देणे, मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ दवडू नये, अंग हलू न देता सरळ रुग्णालयात न्यावे.) उंदराच्या मुतातून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिसचा ज्वरही भेगाळलेल्या पायांतूनच शिरतो. आवणीच्या चिखलात बूट रुततात, तेथे ते चालणार नाहीत, हे मान्य. पण बांधावरून रात्री फिरताना व कापणीच्या वेळी अवश्य घालावेत, आणि घालण्यापूर्वी उलटे करून झटकावेत, कारण आत विंचू बसतो. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्या माणसास चावते, म्हणून राखणदाराने माचावरच निजावे. तेथे कोटाचे काम नाही.

हिशेब मांडून पाहू. गमबूट साडेचारशे, जाड रेनकोट व विजार नऊशे, चकाकती बंडी दीडशे, चांगली विजेरी सातशे, हातमागाची घोंगडी बावीसशे. मी यंदा दिलेल्या या किमती आहेत. बेरीज चार हजार चारशे. चोवीस हजारांतून ही रक्कम वजा जाता एकोणीस हजार सहाशे उरतात. सन 2025-26 चा साध्या भाताचा सरकारी आधारभाव क्विंटलास 2369 रुपये आहे. म्हणजे त्या एका जोडापायी दहा क्विंटलांहून अधिक भात खर्ची पडले. आमच्या खाचरांत बऱ्या सालीही एकरी बाराएक क्विंटलच उतरते. एका रात्रीत डुकरे जेवढे नासतात त्याहून हे नुकसान मोठे, आणि याचा पंचनामा होऊन भरपाईही मिळावयाची नाही.

पुतण्याने तो कोट टाकून दिलेला नाही. कल्याण-शीळ रस्त्याने तो रोज मोटारसायकलवरून कामास जातो. तासाभराच्या त्या प्रवासात, समोरून वारा असताना, कोट उत्तम काम देतो असे तो सांगतो, आणि ते मला पटते. यंदा राखणीस येताना त्याने तो घरीच ठेवला व शेजाऱ्यांसाठीही एक नारिंगी बंडी आणली.