फाटकावरचा अंगठा : तारापूरच्या कारखान्यांतील समावेशन

‘वैविध्य आणि समावेशन’ ही जोडी मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत गुळगुळीत कागदावर छापलेली असते. सरावलीत वैविध्याची वेगळी मोहीम काढावी लागत नाही. पाळी बदलताना तारापूर औद्योगिक वसाहतीच्या कुठल्याही फाटकावर पाच मिनिटे उभे राहावे. वारली आणि कोकणा बायका, किनाऱ्यावरचे मांगेला आणि भंडारी, घाटावरून आलेले, उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशातून आलेले, सगळे एकाच रांगेत दिसतात. प्रश्न आहे तो समावेशनाचा, म्हणजे रांगेतल्या कुणाची कारखान्याच्या दप्तरी पूर्ण नोंद होते आणि कुणाची अर्धीच, याचा. गेल्या दहा-बारा वर्षांत हे दप्तर वहीतून संगणकात गेले. मी सरावलीत कामगारांची भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयची कागदपत्रे करून देतो. पुढची बरीचशी निरीक्षणे त्याच टेबलावरची आहेत.

जुन्या वहीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मुकादमाच्या मर्जीवर हजेरी लागे आणि पगार रोख हातात पडे, तोही मुकादमाचा वाटा वजा होऊन. ठेकेदार बदलला की निधीचे खाते नवीन उघडे आणि जुने तसेच मागे राही. २०१४ मध्ये यूएएन हा बारा आकडी क्रमांक आला आणि ठेकेदार कितीही बदलले तरी कामगाराचा क्रमांक एकच राहू लागला. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पगार थेट बँकेत जमा करायला कामगाराची लेखी संमती घेण्याची अट उरली नाही. कंत्राटी कामगारासाठी, आणि त्यातही बाईसाठी, हा फरक लहान नाही. यंत्र आडनाव ऐकून भुवया उंचावत नाही, हेही मान्य करायला हवे.

पण यंत्राच्या मनात कामगाराचे एक चित्र असते. त्या कामगाराच्या बोटांवरच्या रेषा स्पष्ट असतात, त्याला जन्मभर एकच नाव असते आणि त्याच्या खिशात स्वतःचा फोन असतो. या चित्राशी जो जुळत नाही, त्याला यंत्र नोकरीवरून काढत नाही. ते फक्त ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणते.

आधी बोटांचे पाहू. इथे रसायने, रंग, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने आहेत. कॉस्टिक, आम्ले आणि रंग हाताळणाऱ्या, ड्रम धुणाऱ्या, सळ्या उचलणाऱ्या माणसांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. वयाबरोबरही त्या पुसट होतात. बाईच्या हाताला पाळीनंतर घरची धुणीभांडीही असतात. कार्यालयात बसणाऱ्याचा अंगठा पहिल्या खेपेला लागतो आणि ड्रम धुणारीचा चौथ्या खेपेलाही लागत नाही. यंत्र जात विचारत नाही, पण त्या हाताला कोणते काम दिले आहे ते त्याला बरोबर कळते. आणि या पट्ट्यात कोणते काम कुणाला मिळते हे ठाऊक असलेल्याला पुढचे सांगायला नको. माझ्याकडे आलेल्या एका वारली ताईंचे एका महिन्यात तीन खाडे लागले होते, आणि तिन्ही दिवस त्या कामावर होत्या. ‘मशीन खोटं बोलतं का?’ असे त्यांना ऐकवण्यात आले. वहीतली हजेरी चुकली तर मुकादमाशी भांडता तरी येत असे. यंत्राशी कोण भांडणार?

यावर चेहरा ओळखणारी यंत्रे बसवणे हा उपाय सांगितला जातो. रंगाचे हात असणाऱ्यांना त्याने खरोखर दिलासा मिळाला आहे. तरीही २०१८ चा एक अभ्यास लक्षात ठेवावा. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनित गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ते सांगणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के होती, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. हजेरीचे यंत्र हे काम करत नाही आणि त्यानंतर प्रणाली सुधारल्याही. पण यंत्राला कुणाचे चेहरे दाखवून शिकवले, हा प्रश्न विकत घेणाऱ्याने विचारायलाच हवा.

जव्हार-मोखाड्याकडून बोईसरला येणाऱ्यांना फोटोची हजेरी नवी नव्हती. रोजगार हमी मुळात महाराष्ट्राची, तिचा कायदा १९७७ चा. त्याच कल्पनेवर उभ्या राहिलेल्या केंद्राच्या योजनेत १ जानेवारी २०२३ पासून सर्व कामांवर दिवसातून दोनदा फोटोसह मोबाइल ॲपवर हजेरी सक्तीची झाली. खणून झाले तरी दुसऱ्या फोटोसाठी थांबा, आणि रेंज नसेल तर डोंगर चढा. हा अनुभव गाठीशी बांधून माणसे कारखान्यात येतात.

माझ्या टेबलावर सर्वांत जास्त वेळ नावे खातात. मराठी बाईचे लग्नानंतर मधले नाव बदलते, आडनाव बदलते आणि पुष्कळ घरांत पहिले नावही बदलते. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे. बिहारहून आलेल्या कित्येकांना आडनावच नसते आणि अर्जाला ते हवे असते. वारली नावे इंग्रजीत लिहिताना प्रत्येक कारकुनाचे स्पेलिंग वेगळे. जन्मतारखेचे तर विचारूच नका, शाळामास्तरांनी अर्ध्या महाराष्ट्राला १ जूनला जन्माला घातले आहे. माणसांत ही सगळी गंमत खपते. संगणकाला मात्र एक अक्षर वेगळे म्हणजे वेगळे माणूस. सप्टेंबर २०२१ पासून आधारशी न जोडलेल्या यूएएनमध्ये मालकाला वर्गणी भरता येईना, तेव्हा या विसंगती एकदम वर आल्या. जानेवारी २०२५ मध्ये नियम सैल झाले. १ ऑक्टोबर २०१७ नंतर यूएएन मिळालेल्यांना, तो आधारने पडताळलेला असल्यास, नाव आणि जन्मतारीख स्वतः ऑनलाइन दुरुस्त करता येते. त्याआधीच्यांना अजून मालकाची वाट पाहावी लागते, आणि ठेकेदारच गायब असेल तर हेलपाटे आलेच. म्हणजे जितकी नोकरी जुनी, तितकी दुरुस्ती अवघड.

तिसरी गोष्ट फोन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वतः वापरतात असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्के होत्या. कधीही इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के. उरलेल्यांचे ओटीपी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर जातात. बँकेत पगार आला म्हणून बाईचा पैसा बाईच्या हाती आला, असे लिहिण्याआधी नोंदलेला नंबर कुणाचा ते पाहावे. मी तरी अर्ज भरताना हा प्रश्न आधी विचारतो, आणि तो विचारला की बरोबर आलेले भाऊ किंवा यजमान थोडे अस्वस्थ होतात. दुसऱ्या बाजूने, नंबर स्वतःचा असेल तर हाच फोन हत्यार होतो. निधी कार्यालयाच्या एसएमएस सेवेत यूएएनच्या पुढे ‘मराठी’ची एम, ए, आर ही तीन अक्षरे टाकली की माहिती मराठीत येते, नाहीतर इंग्रजीत. ठेकेदाराने पैसे कापले पण भरले नाहीत, हे एका बाईने असेच पकडले. ज्यांना वाचता येत नाही त्या व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवतात. पाळी बदलल्याचे आता त्यांना मुकादमाच्या बायकोकडून कळून घ्यावे लागत नाही.

ज्यांना दिसत नाही त्यांच्या बाबतीत तर एकेकाळी कार्यालयीन नोकरीचा विचारच होत नसे. एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा मोफत प्रोग्राम २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने लिहायला घेतला. तो मराठीही वाचतो. अडते ते आपल्याकडे. कारखान्यांच्या आणि सरकारी कार्यालयांच्या मराठी नोटिसा अजूनही युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये टाइप होतात किंवा कागदाचा फोटो काढून पाठवल्या जातात. डोळ्यांना ती मराठी दिसते, पण प्रोग्रामला तिथे इंग्रजी अक्षरांचा कचरा किंवा कोरे चित्र सापडते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करायला सांगितले आहे. ते धोरणच अशा फॉण्टमध्ये असले तर कुणासाठी जाहीर केले म्हणायचे?

३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गमावलेल्यांना केवायसीच्या वेळी पापण्या मिटून दाखवा असे सांगितले जात होते. त्याऐवजी दुसरी रीत उपलब्ध करा, असा आदेश झाला. निकाल केवायसीविषयी आहे, फाटकावरच्या हजेरीचा त्यात विचार नाही. सरावलीतल्या दोन-तीन कारखान्यांनी मात्र कुणी न सांगता यंत्राशेजारी पहारेकऱ्याकडे एक वही ठेवली आहे. अंगठा लागला नाही की त्यात नाव, वेळ आणि सही, किंवा शाईचा ठसा. महिन्याच्या शेवटी वही आणि संगणक ताडून पाहतात. तिथल्या कामगारांचे खाड्यांचे भांडण घेऊन माझ्याकडे सहसा कुणी येत नाही.