काचेच्या धाग्यातला प्रकाश : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरोघरी फायबरचं कनेक्शन पोहोचलं, तरी तो धागा नेमकं काय करतो याविषयी बऱ्याच चुकीच्या समजुती आहेत. त्या दूर झाल्या की या तंत्राचं खरं मोठेपण कळतं.

गैरसमज : फायबर वेगवान, कारण प्रकाश विजेपेक्षा जोरात धावतो.
वस्तुस्थिती : काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटरपर्यंत उतरतो. तांब्याच्या चांगल्या केबलमधला संदेशही साधारण तेवढ्याच वेगाने जातो. फरक आहे तो क्षमतेचा. एकाच धाग्यातून वेगवेगळ्या तरंगलांबींचे डझनावारी प्रवाह एकाच वेळी जाऊ शकतात.

गैरसमज : फायबर म्हणजे आतून आरसा लावलेली पोकळ नळी.
वस्तुस्थिती : नेहमीच्या वापरातला धागा भरीव असतो. लांब पल्ल्याच्या धाग्याचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, तर आवरणासह जाडी १२५ मायक्रॉन. आवरणाचा अपवर्तनांक (पदार्थात प्रकाश किती मंदावतो, याचं माप) गाभ्यापेक्षा किंचित कमी ठेवतात. त्यामुळे प्रकाश बाहेर न निसटता गाभ्यातच राहतो. हेच पूर्ण आंतरिक परावर्तन.

गैरसमज : पारदर्शक काच असली की झालं.
वस्तुस्थिती : नरिंदर सिंग कपानी आणि हॅरोल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवलं, पण ते थोड्याच अंतरावर. प्रकाश वाटेतच विरत होता. दोष काचेतल्या अशुद्धींचा आहे, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडलं. एक किलोमीटरनंतर एक टक्का प्रकाश उरला तरी दूरसंचार शक्य होईल, असा त्यांचा हिशेब होता. कॉर्निंग या काच बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी १९७० मध्ये ती मर्यादा ओलांडली. आज तोच एक टक्का १०० किलोमीटरनंतर उरतो! काओ यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं.

गैरसमज : परदेशाशी इंटरनेट उपग्रहावरून चालतं.
वस्तुस्थिती : खंडाखंडांमधली बहुतांश माहिती समुद्रतळावरच्या फायबर केबलमधून जाते. अशा अनेक केबल मुंबईच्या किनाऱ्यावर येतात. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्याने तिथून संदेश यायला जाणवण्याइतका उशीर लागतो.

गैरसमज : तुटलेल्या टोकातून उजेड दिसत नाही, म्हणजे धागा बंद आहे.
वस्तुस्थिती : दूरसंचारासाठी १३१० किंवा १५५० नॅनोमीटरसारख्या अवरक्त तरंगलांबी वापरतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण इजा करू शकतात. म्हणून तुटलेल्या टोकात कधीही डोकावू नका, मुलांनाही डोकावू देऊ नका.